चार म्हणायचं राहिलं

"आधी लेबल वाच. गाणं कुठे पळत नाही."

रेकॉर्ड हातात देताना अंकल हे म्हणायचेच. मग स्वतःच ती परत काढून घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि मधला गोल कागद नाकाला लागेल इतका जवळ धरून वाचायचे. कंपनी कुठली, छपाई इथली की बाहेरची, गाणं मुळात कोणाचं आणि इथे म्हणतंय कोण. एवढं झाल्याशिवाय सुई खाली उतरत नसे.

अंधेरीत आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून गावठाण आहे. मेट्रोतून जाताना तुम्हीही वरून पाहिलं असेल: टॉवरांच्या मध्ये कौलांचा एक तुकडा, एक क्रूस आणि मांजरंच मांजरं. कोपऱ्यावरचं घर अंकल-आंटींचं. दर रविवारी तिथून रॉक म्युझिकचा दणदणाट सुरू व्हायचा. बायकोने एकदा मला 'आवाज कमी करा' हे सांगायला पाठवलं. मी परतलो तो थेट जेवणाच्या वेळेला, तेही गुणगुणत. तिने हात टेकले.

अंकल कारखान्यात फिटर होते. तरुणपणी लग्नांत वाजवणाऱ्या एका ग्रुपमध्ये गिटार धरायचे. गायचा त्यांचा धाकटा भाऊ. सगळी परदेशी गाणी, जशीच्या तशी.

"ओरिजिनल कोण पण गाईल रे," ते मला समजावायचे. "कॉपीला डेरिंग लागते. पब्लिकला मूळ गाणं पाठ असतं ना! जरा चुकला की वाट लागली." मग एकाच गाण्याच्या तीन-चार नकला लावून, कोणती कोणाची ते मला ओळखायला सांगायचे. मी हमखास चुकायचो. "तुझे कान म्हणजे कपाचे कान. नुसते धरायला."

त्यांच्या ग्रुपचीही एक छोटी रेकॉर्ड निघाली होती. तिची एकच प्रत उरलेली, आणि ती इतर रेकॉर्डींबरोबर नसायची. घरातल्या अल्तारामागे, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यामागे, मेणबत्त्यांच्या खोक्याशेजारी उभी असायची. वर्षातून एकदाच बाहेर यायची, नोव्हेंबरात, ऑल सोल्सच्या म्हणजे गेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, भावाच्या कबरीवर फुलं ठेवून आल्यावर.

"सारखी वाजवली की झिजते रे. त्याचा जेवढा आवाज उरलाय, तेवढाच पुरवायचाय."

मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा भर दुपार होती. आधी खरखर. मग एक तरुण, मस्तीतला आवाज: "एक... दोन... तीन..." आणि मध्येच रिकामी जागा.

"चार," खुर्चीत बसलेले अंकल म्हणाले. शब्द पुरा व्हायच्या आतच गाणं सुरू झालं. माझ्या अंगावर काटा आला.

"परत उशीर केला!" आतून आंटी ओरडल्या. मला हसू आलं.

मग अंकलनी सांगितलं. इंग्रजी गाण्याआधी मराठीत आकडे मोजायची त्यांच्या ग्रुपची पद्धत होती. तीनपर्यंत भाऊ मोजणार, चार अंकलनी म्हणायचं. रेकॉर्डिंगच्या दिवशी अंकल तार पिळत बसले आणि चार राहून गेलं. बाकीच्यांनी जरा वाट पाहिली आणि वाजवायला सुरुवात केली. ती मोजणी कोणी कापली नाही, तशीच छापली. आणि रेकॉर्ड हातात यायच्या आत भाऊ काविळीने गेला. त्याने स्वतःला ऐकलंच नाही.

"तीननंतर श्वास घेतलाय त्याने. ऐकलास?" अंकल म्हणाले. "माझ्यासाठी थांबलाय."

त्यानंतर दर वर्षी मी जायचो. हळूहळू अंकल वेगळंच काही म्हणू लागले. "गॅप वाढतोय रे."

मी म्हटलं, "मोटर जुनी झाली, अंकल. हळू फिरत असेल."

"मग गाणं पण हळू झालं असतं ना? गाणं बरोबर आहे. नुसता गॅप वाढतोय."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. ती जागा आता लांबली होती, आणि तिच्यात कोणीतरी अगदी जवळ उभं राहून श्वास रोखून धरल्यासारखं वाटायचं. पंखा चालू असूनही मला घाम फुटायचा.

गेल्या वर्षी अंकल फार थकले होते. चार म्हणताना त्यांना खोकला आला आणि गाणं त्यांच्याशिवायच सुरू झालं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"मी नसलो तर चार कोण म्हणणार?"

"आंटी आहेत ना."

"तिला टायमिंग नाय."

"ऐकलं हां मी!" आतून आवाज आला. पण अंकल हसले नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं. "तो तीनवरच अडकून राहील रे. तू म्हणशील?"

मी हो म्हटलं. भीती वाटत होती, तरी म्हटलं. त्या माणसावर माझा जीव होता.

ईस्टरनंतर अंकल गेले. ऑल सोल्सला मी लिफ्टमध्ये 'चार'ची तालीम करत खाली उतरलो. आता कबरी दोन होत्या. आंटींबरोबर फुलं ठेवून घरी आलो. त्या चहा टाकायला आत गेल्या. मी अल्तारामागून रेकॉर्ड काढली, आधी लेबल वाचलं, मग सुई ठेवली.

खरखर. "एक... दोन... तीन..." मी तोंड उघडलं.

"चार."

आवाज माझा नव्हता. स्पीकरमधूनच आला, खरखरीच्या आतून. म्हातारा, खोकल्याने बसलेला. रिकामी जागा उरलीच नव्हती. तरुण आवाज पहिल्या ओळीआधी खुदकन हसला. इतक्या वर्षांत ते हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

आत भांड्यांचा आवाज थांबला. आंटी चिमटा हातात घेऊन दारात आल्या. मला वाटलं, माझी पाठ थोपटतील. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. फिरणाऱ्या रेकॉर्डकडे बघत होत्या.

"बघ," त्या म्हणाल्या. "पयल्यांदा वेळेवर आला."