चक्रीतली अक्षता

“सांगू नको, दाव.”

एवढंच बोलायचे काका. मग आपण उघडलेलं रिव्हॉल्वर त्यांच्या डोळ्यांसमोर धरायचं. गोळ्यांची फिरती चक्री बाजूला काढलेली, पाचही घरांतून पलीकडचा उजेड दिसतोय. तरी ते प्रत्येक घरात करंगळी घालून बघणार. आपण कितीही म्हटलं, “काका, रिकामं आहे, मी आत्ताच पाहिलं,” तरी त्यांच्या लेखी तोंडच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती. पाचवं घर तपासून झालं की मान हलवून म्हणायचे, “हां. आता रिकामं.”

तुमच्याही कामावर असा एखादा माणूस असेल. त्याला आपण पाठीमागे कटकट्या म्हणतो. मीही म्हणायचे. त्या कटकट्यामुळे मी आज हे लिहायला जिवंत आहे, हे आधीच सांगून टाकते. रहस्य राखणं मला जमत नाही. मी पत्रकं लिहून लिहायला शिकले, आणि पत्रकात मुद्दा वर यावा लागतो. खालपर्यंत कोणी वाचत नाही.

आमच्या सांगलीकडे कॉलेजात असताना माझी बहुतेक पत्रकं बंदुकांवरच होती. वरातीत हवेत गोळीबार करणारे पाहुणे, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कमरेचं रिव्हॉल्वर दिसेल असा शर्ट खोचून उभे राहिलेले दादा-भाऊ, आणि त्यांना लायसन्स देणारी यंत्रणा. ‘ज्याला स्वतःच्या गल्लीत हत्यार लागतं, त्याला नेता कशाला म्हणायचं?’ असं एक पत्रक काढलं होतं, त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. आणि मला नोकरी लागली ती कुठे, तर अबू धाबीतल्या एका नेमबाजीच्या क्लबात. काउंटरवर. हसा खुशाल. घरचेही हसले होते.

काका तिथे रेंजवर शिकवायचे. कोल्हापूरकडचे, फौजेतून निवृत्त होऊन इकडे आलेले. साधेभोळे वगैरे अजिबात नव्हते. केस काळेकुळकुळीत रंगवायचे. बंदुकीच्या तेलाचा वास लपवायला इतकं ऊद अत्तर मारायचे की ते यायच्या आधी त्यांचा वास यायचा. पत्त्यांत राजरोस लबाडी करायचे. आम्ही दोघंही मोहम्मद बिन झायद सिटीत राहायचो, ते मित्रांबरोबरच्या खोलीत आणि मी बायकांच्या बेडस्पेसमध्ये, म्हणजे भाड्याच्या एका खाटेवर, त्यामुळे क्लबच्या व्हॅनमध्ये जाता-येता रोजची गाठ. माझी पत्रकांची कुंडली त्यांनी पहिल्याच प्रवासात काढून घेतली आणि नाव ठेवलं, “पत्रकवाली”.

“हात लावणार न्हाईस म्हणं तू बंदुकीला?”

“नाही लावणार. तत्त्व आहे माझं.”

“बरं. मग वजन किती असतंय, ठावं हाय?”

“त्याचा काय संबंध?”

“ज्याचं वजन ठावं न्हाई, त्याला विरोध करतीस व्हय? सांगलीकरच तू.”

कोल्हापूरकराने सांगली काढली म्हटल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी काचेपलीकडे, रेंजवर गेले.

त्यांनी हातात दिलं ते क्लबातलं सगळ्यात छोटं रिव्हॉल्वर. आखूड नळीचं, स्टेनलेस स्टीलचं, भांड्यांच्या दुकानात मांडलं तरी खपून जाईल असं चकचकीत. मला वाटलं, हे खेळण्यातलं. चाप ओढता ओढता बोट थरथरायला लागलं, आणि बार उडाला तेव्हा मनगटाला असा हिसका बसला की डोळ्यांत पाणी आलं. समोरच्या कागदाला भोकसुद्धा पडलं नव्हतं.

“छोटं हाय म्हणून सोपं वाटलं न्हवं?” काका खूश होते. “छोटंच अवघड. नळी आखूड, नेम हलतोय. अंग हलकं, झटका जास्त. पण लोकांना हेच पायजे. का? तर खिशात मावतंय.”

गोळी झाडण्यापेक्षा परत भरणं शिकवायला त्यांना जास्त आवडायचं. नळी आभाळाकडे करायची, उघडलेल्या चक्रीची दांडी तळहाताने दाबायची, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या खाली पडतात. मग नळी जमिनीकडे वळवायची आणि एकेक काडतूस घरात सोडायचं. चक्री दोन्ही हातांनी, दार लोटावं तशी, हळू बंद करायची. सिनेमात मनगट झटकून बंद करतात ना, तसं कोणी केलं की काकांना ते स्वतःच्या थोबाडीत मारल्यासारखं लागायचं. एकदा अल रीम आयलंडवरचं एक मराठी कुटुंब आलं होतं. त्यांच्या कॉलेजातल्या मुलीने फोनसमोर तसाच झटका दिला.

“अगं ए! मोडतंय ते!”

“अंकल, इट्स जस्ट फॉर द रील.”

“रील तुझं हाय, बाळ. रिव्हॉल्वर क्लबाचं हाय. आण हिकडं.”

तिची आई ओशाळली. मुलीला मात्र मजा वाटली. नंतर अर्धा तास ती काकांकडून नुसतं भरायचं-काढायचं शिकत होती, आणि जाताना “थँक्यू काका” म्हणाली, चक्क मराठीत.

काकांचं स्वतःचंही एक रिव्हॉल्वर होतं. याच घाटाचं, पाच घरांचं, स्टीलचं. निवृत्तीनंतर लायसन्स काढून घेतलेलं. पण मालक आखातात म्हटल्यावर हत्यार घरी ठेवता येत नाही. ते कोल्हापुरात एका बंदूकविक्रेत्याकडे रीतसर जमा होतं. “माहेरी असतंय ते,” काका म्हणायचे. सुट्टीवर गेले की भेटून यायचे. तेल द्यायचं, पुसायचं, थोडा वेळ हातात धरायचं आणि पुन्हा दुकानदाराच्या हवाली. मी म्हणायचे, “एवढी माया काकूंवर केली असतीत तर.” त्यावर म्हणायचे, “तुझ्या काकूचं आणि त्याचं पटतंय. ती त्याला सवत म्हणती.”

मग एकदा व्हॅनमध्ये त्यांच्या मुलाचा फोन आला. मुलगा गावाकडे राजकारणात पाय रोवत होता. ते रिव्हॉल्वर आपल्या नावावर करून द्या, असा त्याचा हट्ट. काका “बघू, बघू” म्हणत राहिले. पुढच्या सुट्टीवरून परत आले ते लायसन्स रद्द करून आणि रिव्हॉल्वर सरकारजमा करून.

मी उडालेच. “काका, तुम्ही काय केलंत, कळतंय का तुम्हाला? यावर पत्रक लिहायला पाहिजे!”

“लिवायचं काय त्यात?” ते खिडकीबाहेर बघत होते. “पोरानं मला इचारलं, बाबा, कमरंला कुठल्या बाजूला शोभंल? चालवायचं कसं, ते इचारलंच न्हाई.”

मला जे वाक्य पाच वर्षं पत्रकं लिहून सापडलं नव्हतं, ते त्यांनी असं सहज टाकलं. पुढचे कित्येक दिवस त्यांनी मला चिडवलं नाही. पत्त्यांत लबाडीसुद्धा करेनात. मला वाटलं, मुलाशी भांडण झालंय, निवळेल. त्यांना त्या वस्तूची आठवण येत असेल, हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. बंदुकीसाठी कोणी हळवं होतं, हे मला मान्यच नव्हतं.

त्यानंतरची खंडेनवमी. त्या दिवशी शस्त्रं आणि अवजारं पुजायची आपली रीत. काका दरवर्षी आपल्या खोलीवर स्क्रू-ड्रायव्हर आणि नळी साफ करायची दांडी पाटावर मांडून फूल वाहायचे. मी त्यावरून त्यांना दरवर्षी झोडायचे. शस्त्रं पुजणाऱ्या समाजाला शस्त्रांचा हिशेब कोण विचारणार, वगैरे. ते पेढा पुढे करायचे.

एव्हाना काकांच्या आग्रहामुळे मी काउंटरवरून रेंज सहायक झाले होते. प्रोबेशनवर. सकाळी शस्त्रखोलीत दोघांनी मिळून तपासणी करायची, आणि तपासलेल्या हत्याराला पाहुणा येईपर्यंत कोणीही हात लावायचा नाही, असा नियम. त्या सकाळी ते छोटं रिव्हॉल्वर आम्ही दोघांनी पाहिलं. घरं रिकामी, आत-बाहेर लख्ख. मी बाहेर आले.

दुपारी दुबई मरीनाहून ऑफिसातल्या मित्रांचा एक घोळका आला. त्यातल्या एकाने तेच रिव्हॉल्वर घेतलं. पहिल्या पाच गोळ्या छान झाडल्या. पुंगळ्या काढल्या, परत भरलं, चक्री बंद केली. चाप ओढतो तर चक्री फिरेचना. त्याने जोर लावला. पुन्हा लावला. आणि मग, माणूस बिघडलेला रिमोट हातात घेऊन वळतो ना, तसा तो विचारायला मागे वळला. बोट चापावरच. त्याच्या मागे मी.

ते नळीचं भोक मला अजून दिसतं.

काका कधी मध्ये आले, ते मला दिसलं नाही. दिसली ती त्यांची मूठ. चक्रीभोवती आवळलेली, बोटं पांढरी पडलेली. चक्री फिरली नाही तर बार उडत नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं; आणि अडकलेली चक्री त्या जोराने कुठल्याही क्षणी सुटली असती. दुसऱ्या हाताने त्यांनी नळी जमिनीकडे दाबली. त्या माणसाला इतक्या हळू आवाजात म्हणाले, “हबीबी, छोडो. आराम से. छोडो,” की त्याने सोडलं.

मग चौकशी. मॅनेजर लेबनीज होते, शांत स्वभावाचे. त्यांच्यासमोर टेबलावर रिव्हॉल्वर उघडलं. पुंगळ्या बाहेर ढकलणारी चांदणीच्या आकाराची एक पट्टी चक्रीत असते. पुंगळ्या काढताना तिच्याखाली काहीतरी सरकून अडकलं होतं. चिमट्याने काढलं. तांदळाचा दाणा. अर्धा तुटलेला.

मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. मी रोज डब्यात भात आणायचे, हे सगळ्या क्लबाला माहीत. शस्त्रखोलीत खाणं म्हणजे नोकरी संपली. माझा तर प्रोबेशनचा काळ. परतीचं विमान मला तिथेच दिसायला लागलं.

“सर, हा शिजवलेला भात नाही,” मी इंग्रजीत म्हणाले. आणि थांबले.

कारण मी नीट पाहिलं होतं. दाणा कच्चा होता. लालसर होता. त्या खोलीत अक्षता ओळखणारी माणसं दोनच होती, आणि त्यांतली एक मी. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. ते बोलले असते तर खरं तेच बोलले असते. पण ज्याच्या मुठीमुळे तासाभरापूर्वी वाचले, त्याच्यावर ते बोट कसं रोखायचं? आयुष्यात पहिल्यांदा मला खरं बोलायला जीभ उचलेना.

मला ते ठरवावंच लागलं नाही. काका पुढे झाले.

“सर, नॉट हर फूड. माय राइस.”

“तुम्ही खात होतात?”

“नो सर. पूजा. वर्शिप.”

“रिव्हॉल्वरची?”

“येस सर. आमच्यात असतंय.” शेवटचं मराठीतच निघून गेलं.

“हिच्या तपासणीआधी की नंतर?”

“आफ्टर, सर. हर चेकिंग करेक्ट. मिस्टेक माइन.” काका सावधान उभे होते. अत्तराचा वास नेहमीसारखाच भपकारत होता.

मॅनेजरनी तो दाणा चिमट्याने उचलून जपून पाकिटात ठेवला. त्यांना वाईट वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन. काकांना शस्त्रखोली बंद झाली. करार महिनाअखेरीस संपत होता, तो वाढवला नाही. मी कायम झाले.

व्हॅनमध्ये मी फुटले. “काका, तुम्ही? सगळ्या जगाला शिस्त शिकवणारे तुम्ही, भरायच्या हत्यारावर अक्षता टाकता?”

“चक्री उघडी ठेवून वाह्यल्या. पुसलं हुतं. एक ऱ्हायली.” मग थोड्या वेळाने, “माझं असतं तर त्याच्या नावानं खोलीवरच वाह्यल्या असत्या गं.”

ते मला समजलं. पण सवय जात नाही. “मी अर्ज लिहिते. सगळ्यांच्या सह्या घेते. इतक्या वर्षांची नोकरी, एका चुकीसाठी? हा अन्याय आहे.”

“कुणावर?”

“तुमच्यावर!”

“नळी तुझ्याकडं वळली हुती, पत्रकवाली. ही चूक दुसऱ्या कुणी केली असती, तर मी त्याला रेंजवर ठिवला असता?”

मी पर्सची चेन उघडझाक करत राहिले.

“बोल की.”

“नसता ठेवला.”

“मग खलास. यल्ला, उतर. तुझं घर आलं.”

अर्ज मी लिहिला नाही. अन्याय झाला म्हणून ओरडायला मी शिकले होते. अन्याय झालेला नाही, हे दुखत असतानाही मान्य करायला मला त्या माणसाने शिकवलं. सुट्टीवर गावी गेले की मी अजूनही पत्रकं वाटते, फ्लेक्सवाल्या दादांना अजूनही झोडते. खंडेनवमीच्या पूजेवरचं माझं मत तसूभर बदललेलं नाही. पण आता लिहिते तेव्हा मनगटाला तो हिसका आठवतो, आणि शब्द जरा तोलून पडतात. माझा जीव, माझी नोकरी आणि हे तोलणं, तिन्ही त्यांची देणगी. त्यांच्या तोंडावर हे कधी म्हणाले नाही. म्हणाले असते तर पुढे वर्षभर चिडवलं असतं त्यांनी.

गणवेश परत करायला ते शेवटचे आले, तेव्हा मी शस्त्रखोलीत होते. नव्या सहायकाबरोबर सकाळची तपासणी चालू होती. काचेपलीकडे काका येऊन उभे राहिलेले मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळलं. आत यायची त्यांना परवानगी नव्हती. हातात माझ्या ते छोटं स्टीलचं रिव्हॉल्वर, तिसऱ्या घरात करंगळी. मान वर करून हसावं, निदान हात तरी करावा, असं फार वाटलं. पण तपासणी अर्धवट ठेवून नजर उचललेली त्यांनी कधी कोणाला चालवून घेतली नव्हती, आणि ते बघत होते.

चौथं घर पाहिलं. पाचवं पाहिलं. चांदणी उचलून खाली बोट फिरवलं. चक्री दोन्ही हातांनी लोटली. मग वर पाहिलं.

काचेपलीकडे एक कुटुंब आपली पाळी येण्याची वाट बघत बसलं होतं.