सूर्य बनवणाऱ्याचा कूलर

हसणार असाल तर आधीच सांगा, मी गप्प बसतो. चूक माझी झाली, मान्य! पण लोकांनी किती बोलावं?

सूर्यासारखी ऊर्जा काढणाऱ्या भट्टीवर मी काम करतो. आत कोट्यवधी अंशांचा धगधगता वायू, चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरलेला. भिंतीला टेकला की संपलं! त्या भिंती वाचवायच्या, हे माझं काम. आणि आमच्या काचीगुडा मोहल्ल्यात माझी किंमत काय? शेजारचे रशीदचाचा भर जिन्यात विचारतात, "क्या मियाँ, सूरज बनाते कते तुम? पहले घर का कूलर तो ठंडा करो!"

अपमान नाही का हा?

त्यात मे महिना, आणि गौरी व तिच्या घरची मंडळी आमचं घर बघायला येणार. मुलगी मला मनापासून आवडलेली. म्हटलं, आज दाखवतोच सगळ्यांना!

आईनं कूलर खिडकीत लावलेला. म्हणजे बाहेरची आग आत ओढायची? मी तो ओढून बैठकीच्या मधोमध आणला. सगळ्या खिडक्या बंद. फटींना चिकटपट्टी. गार हवा बाहेर जाताच कामा नये!

"अरे, लोकं गुदमरतेत नं बाबा!" आई म्हणाली.

"उष्णता हा माझा विषय आहे!" मी ओरडलो.

पाहुणे आले. पोहे येईपर्यंत बैठकीचं न्हाणीघर झालं. पापड सादळले. गौरीच्या बाबांचा सदरा पाठीला चिकटला. कूलर मात्र इमानेइतबारे दमट हवा फेकतोय!

गौरीच्या बाबांनी घामाचा रुमाल पिळत विचारलं, "तुमच्या भट्टीत एवढी उष्णता. तिचं करता काय हो?"

झालं! मी सरसावून बसलो.

"काका, तिला कोंडून चालतच नाही. बाहेर पडायला वाट ठेवावीच लागते. वाट बंद केली तर आतलं सगळं खलास! एवढी साधी गोष्ट लोकांना कळत नाही, याचाच मला संताप येतो!"

गौरी उठली, चिकटपट्टी टराटरा ओढली आणि खिडकी उघडली. वारा गरमच होता, तरी सगळ्यांनी हुश्श केलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. मला नाही, आईला! "काकू, मुलगा पसंत आहे. पण घरात त्याचं ऐकायचं नाही, एवढं आपण दोघी ठरवून टाकू."

आणि माझी जन्मदाती आई काय म्हणाली असेल?

"त्याच्यात ठरवायचं काय, बाई? आमच्याकडं पहिल्यापासून तसंच चालू आहे!"