मामाने दोनदा काढलेलं माझं लग्न

दत्तामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, आमच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. मामाची मुलगी सुनंदा कुपवाडहून बोलत होती. "ताई, दादा गेले… सकाळी चहा घेतला, पेपर चाळला आणि खुर्चीतच मान कलली." मी ह्यांना सांगितलं, तसे हे मेथीच्या जुडीशेजारी येऊन बसले. मग हे हळूच म्हणाले, "आपल्या लग्नाचे फोटो आठवतात…" आणि आम्हा दोघांनाही एकदम हसू फुटलं. अशा बातमीनंतर हसणं बरं दिसत नाही, पण आवरेना. हसता हसता मग डोळ्यांतून पाणी आलं, ते मात्र दिवसभर थांबलं नाही. आता त्याला पाच आठवडे झाले. त्या हसण्याचं कारण सांगायचं तर मामाच्या कॅमेऱ्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. कुपवाडच्या एका कारखान्यात टर्नर होता. दिवसभर लेथवर लोखंड कातायचं आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून भटकायचं, हे त्याचं आयुष्य. कॅमेरा त्याने कवठे महांकाळच्या एका निवृत्त सुभेदारांकडून जुनाच घेतला होता. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या ओळखीत कुणाकडे कॅमेरा असलाच तर तो बटण दाबायचा साधा डबा असायचा, आणि पेपरवाल्यांच्या गळ्यातले भारी कॅमेरे आम्ही लांबूनच बघायचो. मामाचा कॅमेरा या दोन्हींच्या मधला. त्याबद्दल बोलताना मामा मुलाबद्दल बोलल्यासारखा बोलायचा, गुण सांगायचा तसे दोषही सांगायचा. अंग पोलादी, पडला तरी पोचा येईल पण बंद पडणार नाही. सेल संपला तर उजेड मोजणारा काटा तेवढा झोपतो, फोटो निघायचा थांबत नाही. आणि मोठा गुण म्हणजे डोळा लावला की थेट लेन्समधलंच दिसतं, जे दिसतं तेच कागदावर येतं. दोष म्हणजे वजन फार, खटॅक असा आवाज एवढा की देवळात लोक वळून बघायचे, आणि समोर पांढरी साडी आली की तो काटा हमखास फसायचा. लेन्सवर लावायचं झाकण हरवलेलं होतं, ते मामाने स्वतः लेथवर ॲल्युमिनियमचं करून बसवलं होतं.

पण त्याच्या मते खरा दोष वेगळाच होता. आत एक आरसा असतो, बटण दाबलं की तो वर उचलला जातो आणि तेवढ्यापुरता डोळ्यापुढे अंधार होतो. "म्हंजे बग," तो मला म्हणाला होता, "ज्या टायमाला फोटू निघतो, नेमकं त्याच टायमाला मला काय बी दिसत न्हाई. बाकी समद्यांना दिसतं." म्हणून प्रत्येक फोटोनंतर तो कॅमेरा खाली घेऊन विचारायचा, कुणी डोळे मिटले नव्हते ना? आणि आपण जे सांगू त्यावर विश्वास ठेवायचा. फोटोआधी मात्र कुणी कुठे उभं राहायचं, हनुवटी किती खाली घ्यायची, हे दर वेळी बजावायचा.

माझं लग्न सांगलीत झालं. घरात एवढा चांगला कॅमेरा असताना बाहेरचा फोटोग्राफर कशाला, असं आईने ठरवलं. मामा नको म्हणत होता, भाचीच्या लग्नात मला अक्षता टाकू दे म्हणत होता, पण आईपुढे त्याचं काही चालायचं नाही. एकच रोल होता, छत्तीस फोटोंचा. मामाने तो पुरवून पुरवून वापरला. अंतरपाट, माळा, सप्तपदी, पंगत, सगळीकडे तो घामाघूम होऊन फिरताना दिसत होता. मी मात्र मान खाली घालून बसले होते. नवऱ्या मुलाला मी त्याआधी दोनदाच पाहिलं होतं आणि सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, जरब ऐकून होते. पाठवणीच्या वेळी मी इतकी रडले की मामाने काय टिपलं, हे बघायचंही भान नव्हतं.

साताऱ्यात आल्यावर दुसऱ्या दिवसापासून घरात एकच विषय, फोटो कधी येणार. त्यालाही कारण होतं. माझ्या नणंदेला, उषाताईंना लग्नाला येता आलं नव्हतं. त्यांचे यजमान विट्याचे, सोनं वितळवून शुद्ध करायचं, गलाईचं दुकान थेट कोचीनला, आणि ताईंचे दिवस भरत आलेले. एकुलत्या एका भावाचं लग्न त्या फोटोंतच बघणार होत्या.

चौथ्या दिवशी मामा आला. सांगलीपासून मोटारसायकलवर, कॅमेरा गळ्यात. पाणीसुद्धा घेतलं नाही. ओसरीवर अण्णांपुढे उभा राहून म्हणाला, "पाव्हणं, फोटू आलं न्हाईत. एक बी न्हाई. रोलचं टोक आत नीट अडकलं नव्हतं. मी फिल्म सरकवायची खिटी वडत गेलो, आकडा फुडं गेला, पर फिल्म जागची हलली न्हाई. तुमची गाडी हलली तवा कुटं माज्या ध्यानात आलं."

सासूबाई मटकन खाली बसल्या. मी दाराआड उभी होते. आता या घरात आपलं कसं होणार, एवढंच मनात आलं. अण्णा म्हणजे हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, मुलांकडे जसे रोखून बघत असतील तसे मामाकडे बघत राहिले. मग हात पुढे करून त्यांनी कॅमेरा मागितला. उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "फिल्म सरकते आहे की नाही, हे कळायची काही सोय आहे का यात?"

मामाने डाव्या बाजूची घुंडी दाखवली. खिटी ओढली की फिल्मबरोबर ती फिरायला हवी. फिरली नाही तर समजायचं की आत काही चाललेलं नाही.

"म्हणजे कॅमेरा सांगत होता."

"सांगत व्हता. मीच बगितलं न्हाई. म्होरं तुमची सून रडत व्हती, ध्यान तिच्याकडं व्हतं."

अण्णांनी कॅमेरा परत दिला आणि सासूबाईंना चहा टाकायला सांगितला. चहा पिऊन होईपर्यंत त्यांचं ठरलंही होतं. येत्या रविवारी इथेच, अंगणात, सगळं पुन्हा उभं करायचं. सासूबाई आधी कबूल होईनात, लग्न काय दोनदा लावतात का? शेवटी तोड निघाली. मंत्र नाहीत, अक्षता नाहीत, नुसते कपडे आणि माळा.

रविवारी आई सांगलीहून पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आली. शेजारच्या गुरुजींना नुसते ओठ हलवायला उभं केलं. मामाने रोल भरला, टोक तीनदा तपासलं. आणि अण्णांनी स्वतःचं काम जाहीर केलं, ते मामाच्या डाव्या खांद्याशी उभे राहून घुंडीवर नजर ठेवणार. पहिला फोटो निघाला, मामाने खिटी ओढली, आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात अण्णा म्हणाले, "फिरली." अंगण हसण्याने भरून गेलं. त्यानंतर प्रत्येक फोटोला तेच. खटॅक, आणि मागून गंभीरपणे, "फिरली." ह्यांना माळ घालता येईना, माझ्या हातातला हार निम्मा सुटला, गुरुजींचे ओठ मंत्र सोडून हसायला लागले. दहा दिवसांपूर्वी ज्या माणसाकडे मी वर मान करून पाहिलं नव्हतं, त्याच्या खांद्यावर डोकं टेकून मी हसत होते. अण्णांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं… त्यांची भीती तिथेच संपली.

शेवटी पाठवणी राहिली. आईला रड म्हटलं तर तिला रडू येईना. मीही प्रयत्न करून पाहिला, नाही जमलं. शेवटचा फोटो मामाने तसाच काढला, आई माझ्या गळ्यात पडलेली आणि दोघी हसतोय. छत्तीसपैकी तेवढा एकच फोटो अस्पष्ट आला. मामाला विचारलं तर म्हणाला, "डोळं भरलं व्हतं गं माजं. लेन्स कुटं जुळवली तेच कळंना."

उषाताईंचं पत्र आलं. बाळाला मांडीवर घेऊन त्यांनी सगळे फोटो पाहिले होते. लिहिलं होतं की इतकी आनंदी नवरी मी पाहिली नाही, आणि गुरुजींना काय झालं होतं ते कळवा. अण्णा आणि मामाची मैत्री मात्र अण्णा असेपर्यंत टिकली. मामा साताऱ्याला आला की दोघं कॅमेरा उघडून, चष्मे कपाळावर चढवून तासन् तास बसत.

मामाच्या तेराव्याला आम्ही कुपवाडला गेलो. जेवणं झाल्यावर सगळे निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, एवढी माणसं पुन्हा कधी जमायची, एक फोटो होऊ दे. सुनंदाची नवी सून मोबाईल घेऊन पुढे झाली. आम्ही पंचवीस-तीस जण अंगणात उतरलो. उन्हातून सरकून कडुनिंबाच्या सावलीत आलो, तोंडं मोकळ्या बाजूला केली. उंच माणसं आपापली मागे गेली. चष्मेवाल्यांनी काचा चमकू नयेत म्हणून हनुवट्या जराशा खाली घेतल्या. सुनंदाच्या सासूबाईंनी पदर सारखा केला आणि म्हाताऱ्या आत्याबाईंना पुढच्या खुर्चीवर बसवलं. ती पोरगी मोबाईल तसाच धरून आमच्याकडे बघत राहिली.

"मी अजून काही सांगितलंच नाही," ती म्हणाली. "तुम्हाला असं उभं राहायला कुणी शिकवलं?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांच्याच चेहऱ्यावर हसू आलं. त्याच वेळी त्या पोरीने फोटो काढला.