उन्हातल्या दोन विटा

एकोणतिसाव्या वर्षी, घरात चार वर्षांची मुलगी असताना, मी पुन्हा धावायला लागले. कारण साधं होतं. मला राग आला होता. आमच्या ऑफिसचे क्रीडा सचिव जेवणाच्या सुट्टीत आंतर-कार्यालयीन स्पर्धांची यादी घेऊन फिरत होते. बायकांच्या शंभर मीटरचा रकाना रिकामा होता, तो त्यांनी माझ्यासमोर तसाच सोडला आणि म्हणाले, तुम्ही लिंबू-चमच्यात नाव द्या. शाळेत असताना मी जिल्ह्यापर्यंत धावले होते. हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. मी म्हटलं, शंभर मीटरला माझं नाव घाला. त्यांनी घातलं, पण पेन्सिलीने. चौदा सेकंदांच्या आत आलात तर शाईने लिहू, नाहीतर दुसऱ्या शाखेतली कोणीतरी बघू, म्हणाले. यादी फेब्रुवारीच्या शेवटी जायची होती आणि तेव्हा डिसेंबर संपत आला होता. मी मनाशी ठरवून टाकलं, तोपर्यंत चौदाच्या आत आले तर आले, नाहीतर धावणं हा विषय माझ्यापुरता कायमचा संपला.

आम्ही तेव्हा कोपरखैरण्यात राहायला येऊन वर्षच झालं होतं. आमच्या सेक्टरच्या टोकाला एक रुंद, नवाकोरा डांबरी रस्ता होता आणि तो कुठेही जात नव्हता, कारण पुढच्या नाल्यावरचा पूल व्हायचा होता. धावायला याहून चांगली जागा मिळाली नसती. माझा नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता, त्यामुळे सकाळचा मोकळा असायचा. त्याने शेजारच्या बांधकामावरून लांब टेप मागून आणली, रस्त्यावरच्या एकुलत्या एका दिव्याच्या खांबापासून बरोबर शंभर मीटर मोजले आणि खूण म्हणून कडेच्या मुरमावर दोन विटा मांडल्या. दोन दिवसांत ऑइलपेंट आणून पक्की रेघ मारतो, म्हणाला. तो रंग अजून यायचा आहे.

वेळ कोण घेणार हा प्रश्न होता. नवऱ्याला मुलीपाशी थांबायला लागायचं. सासूबाई साताऱ्याकडच्या, नातीसाठी म्हणून आमच्याकडे आल्या होत्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचा जीव रमत नव्हता. सून रस्त्यावर पळणार म्हटल्यावर त्या काय बोलतील याची मी धास्ती घेतली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे करून माझं स्टॉपवॉचचं घड्याळ मागितलं. कुठलं बटण दाबायचं ते मी एकदा दाखवलं, पुन्हा दाखवावं लागलं नाही.

रोज सकाळी साडेसातला आम्ही दोघी निघायचो. मी खांबापाशी ओणवी व्हायचे आणि त्या पलीकडच्या टोकाला जाऊन, गुडघे दुखतात म्हणून, त्या दोन विटांवरच बसायच्या. हिरव्या शालीचा पदर त्यांनी झटकला की मी सुटायचे. धावताना विटा काही दिसायच्या नाहीत, दिसायची ती शाल. त्यामुळे माझ्या लेखी शंभर मीटरचा शेवट म्हणजे सासूबाई. घड्याळातले आकडे त्यांना वाचता येत नसत. मी धापा टाकत पोचले की त्या घड्याळ पुढे करायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या.

पहिल्या दिवशी चौदा पूर्णांक नऊ लागले. पंधरा दिवसांत मी चौदा पूर्णांक तीनवर आले आणि हवेतच तरंगायला लागले. आणखी आठवड्याभरात जमतंय असं नवऱ्यालाही सांगून टाकलं. आणि मग घोडं तिथेच अडलं. चौदा तीन, चौदा चार, चौदा तीन. संपूर्ण जानेवारी गेला. मी भात सोडला, केळी धरली. ऑफिसात लिफ्ट सोडून जिने चढायला लागले. गुडघे उचलून धावले, हात कोपरात घट्ट धरून धावले. पाय हलके झालेत असं आतून वाटायचं आणि घड्याळ म्हणायचं, नाही. मला त्या घड्याळाची, रस्त्याची आणि खरं सांगायचं तर स्वतःची लाज वाटायला लागली. दोनदा मी मोरीत नळ सोडून रडले. आपलं वय झालं, बाळंतपणानंतर अंग ते अंग राहत नाही, असं स्वतःला समजावलं आणि ते मला अजिबात पटलं नाही.

यादी जायच्या आधीचा रविवार. पुन्हा चौदा चार. मी सासूबाईंना सांगितलं, उद्या नाव खोडून टाकते, आता यायला नको. त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाल्या आणि घरी गेल्या. निदान विटा तरी ज्याच्या त्याला परत कराव्यात म्हणून मी वाकले. विटा उचलल्यावर खाली मुरमात त्यांचा चौकोनी ठसा दिसला. त्याच्या अलीकडे, पाऊलभरावर, तसाच एक ठसा. त्याच्या अलीकडे आणखी एक. मी खांबाच्या दिशेने मागे चालत गेले तर ओळीने ठसेच ठसे, काही ताजे, काही धुळीने बुजत आलेले. दहापर्यंत मोजले आणि तशीच विटा हातात घेऊन घरी पळाले.

सासूबाई भाकरी थापत होत्या.

"आई, या विटा तुम्ही सरकवल्या?"

"म्या कशाला सरकवीन?" त्या म्हणाल्या. "ऊन सरकलं."

मग त्यांनी परातीतून हात न काढता शांतपणे सांगितलं. रस्त्याच्या पूर्वेला दोन अर्धवट इमारती होत्या. पहिल्या दिवशी त्यांच्या फटीतून उन्हाची तिरीप बरोबर विटांवर पडली होती. चार-सहा दिवसांनी ती पुढे गेली. सावलीत गुडघे ठणकायचे, म्हणून त्या विटा उचलून उन्हात जाऊन बसल्या. मग ऊन आणखी पुढे गेलं. विटा बसायला ठेवल्यात असंच त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटू नये असं कोणी त्यांना सांगितलंही नव्हतं.

माझा संताप झाला. दोन महिने मी झुरत होते आणि शंभर मीटर रोज थोडेथोडे लांब पळत होते. सासूबाईंवर ओरडायची सोय नव्हती, म्हणून मी नवऱ्यावर ओरडले, त्या न आणलेल्या रंगावरून. तो हसायला लागला आणि मग मलाही हसू आवरेना. टेप पुन्हा मागून आणली. खांबापासून शेवटच्या ठशापर्यंत एकशे सात मीटर भरले, वर वीतभर.

सोमवारी विटा पहिल्या ठशात गेल्या. तिथे आता गडद सावली होती आणि नाल्यावरून गार वारा येत होता. सासूबाई डोक्यावरून शाल घेऊन, पाय पोटाशी ओढून बसल्या. मग हात बाहेर काढून त्यांनी पदर झटकला. मी धावले. घड्याळात तेरा पूर्णांक चार होते.

"बसलं का?" त्यांनी विचारलं.

"बसलं," मी म्हटलं, आणि त्यांच्या गार पायांवर हात ठेवून तिथेच बसून राहिले. ऑफिसात माझं नाव शाईने लिहिलं गेलं. मी समोर उभं राहून लिहवून घेतलं.

शर्यत वाशीच्या एका मैदानावर होती, सकाळी आठला. फक्कीने आखलेल्या सहा लेन, मी पाचवीत. बार उडाला आणि मी सगळ्यांच्या मागे सुटले, कारण मला शालीची सवय होती, बाराची नाही. ऐंशी मीटरपर्यंत तिघी माझ्या पुढे होत्या. मग एक दमली. उरलेल्या दोघींनी फीत जवळ आलेली पाहून छाती पुढे टाकली आणि पाय सैल सोडले. माझ्या पायांना ते कळलंच नाही. पायांच्या लेखी शंभर मीटर अजून व्हायचे होते. फितीपाशी मी एकीला मागे टाकलं आणि दुसरीच्या खांद्याला खांदा लागला. पंचांनी आपसांत बोलून मला दुसरी ठरवलं. तेरा पूर्णांक दोन. शाळेतही मी इतकी जोरात धावले नव्हते.

पण हे मला नंतर कळलं. तेव्हा मी थांबलेच नव्हते. फितीपाशी गर्दी होती, नवरा मुलीला खांद्यावर घेऊन तिथेच ओरडत होता, आणि त्याच्याही बऱ्याच पुढे, एकटीच, हिरवी शाल दिसत होती. मी तिच्यापर्यंत धावले आणि मगच थांबले. सासूबाई चपलांवर बसल्या होत्या. मी धापा टाकत विचारलं, सगळे तिकडे आहेत, तुम्ही इतक्या लांब का बसलात?

त्या थोड्या सरकल्या आणि बाजूची जमीन हाताने साफ केली.

"हितं ऊन हाय," त्या म्हणाल्या. "बस जरा."