काचेतलं ऊन

माझी वहिनी जुने कागद दुरुस्त करते. एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात तिची खोली आहे. वाळवीने चाळण केलेला नकाशा, पाणी पिऊन फुगलेली वही, कुणीतरी कुणाला तरी शंभर वर्षांपूर्वी लिहिलेलं पत्र, असं काहीबाही तिच्या टेबलावर येतं. मग ती खळ, ब्रश आणि पातळ कागदाच्या पट्ट्या घेऊन बसते. एकेका नकाशावर चार-चार महिने! मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्या धंद्यात चार सेकंदांत निर्णय घेतला नाही तर समोरचा विजेचा खांब अंगावर येतो, त्यामुळे वहिनीची चिकाटी बघून मला आधी कौतुक वाटतं आणि लगेच चीड येते.

ऊन हा कागदाचा वैरी. शाई उडते, कागद पिवळा पडून कडाकडा मोडतो. हे वैर वहिनीने घरीही आणलं. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिने बाहेरच्या खोलीतले पडदे ओढले ते ओढलेच. आई म्हणायची, "मला भेटायला येणाऱ्यांना आता चाचपडत यावं लागेल." वहिनी हसून पडदा चार बोटं सरकवायची आणि आईची पाठ वळली की परत ओढायची.

तिने लग्न केलं ते मात्र काचवाल्याशी. म्हणजे माझ्या दादाशी. दुकानांच्या दर्शनी काचा, घरांच्या खिडक्या, सगळं तो बसवतो. त्या तळघराला छतालगत एक खिडकी आहे. उजेड आत सोडणारी पण शाई उडवणारे किरण बाहेरच अडवणारी खास काच तिला बसवायची होती. दादा माप घ्यायला तीनदा गेला. दोन हात रुंद खिडकीचं माप तीनदा! आईला तेव्हाच कळलं होतं, मला काच बसवायच्या चौथ्या खेपेला कळलं.

अकरा वर्षं झाली लग्नाला. मूल होईना म्हणून उपचार सुरू झाले. इंजेक्शनं, सोनोग्राफ्या, दर महिन्याला रक्ततपासणी. पहिल्यांदा प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ आत ठेवला तो पाचव्या आठवड्यात गेला. दुसरा आठव्या आठवड्यापर्यंत राहिला. त्याचे ठोके पडद्यावर दिसले होते, दादाने ते मोबाईलवर टिपून मला पाठवले होते. मग एका तपासणीला ते दिसले नाहीत. वहिनी दुसऱ्या दिवशी कामावर गेली. आता दवाखान्यात गोठवून ठेवलेला एकच गर्भ उरला होता. वहिनीला अडतिसावं लागलेलं. पुन्हा इंजेक्शनं घेऊन अंडी काढायची नाहीत, हे तिने स्पष्ट सांगितलं होतं. हा शेवटचा.

त्याआधी डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या नव्याने केल्या. ड जीवनसत्त्व निघालं नऊ. निदान तीस तरी हवं.

"हे वाढवलं की राहील का?" दादाने विचारलं.

"तसं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "ज्यांचं ड चांगलं असतं त्यांच्यात गर्भ टिकायचं प्रमाण थोडं जास्त असतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. काहींत काही फरकच दिसला नाही. पण नऊ म्हणजे फारच कमी. वाढवून तोटा नाही, हाडं तरी दुवा देतील. आठवड्याला एक पुडी घ्या, थोडं ऊन घ्या, तीन महिन्यांनी बघू."

घरी हे ऐकून आई म्हणाली, "तरी मी म्हणत होते. तळघरात बसून बसून पोर वाळली." आई मायेनेच बोलली, पण वहिनीने ते ऐकलं आणि पानातलं तसंच ठेवून उठली. मी आईवर डोळे वटारले. आईने माझ्यावर वटारले. आमच्या घरात प्रेम असंच फिरतं.

पुड्यांचा वहिनीला वीट आला होता. आधीच एवढी औषधं पोटात गेली होती की नवी पुडी बघूनच तिला मळमळायचं. दादा म्हणाला, "पुड्या ठेव कपाटात. तुला ऊन मी देतो." आणि हा बाबा गच्चीवर खोली बांधायला लागला. चार भिंती काचेच्या, छत काचेचं, एकूण अठ्ठावीस काचा. वारा लागायला नको, धूळ यायला नको, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवरून कुणी टकामका बघायला नको म्हणून खालच्या काचा धुरकट. काच कोणती? त्याच्याकडे होती त्यातली सगळ्यांत उत्तम. बायकोसाठी कुणी हलका माल वापरतं का?

वहिनीने ऊनही नकाशासारखंच मनावर घेतलं. रोज दुपारच्या सुट्टीत घरी येऊन चाळीस मिनिटं, बाह्या वर करून, खुर्ची उन्हाच्या दिशेने फिरवत. घड्याळ लावून. तीन महिन्यांत दोनदाच चुकली. घामाने निथळत खाली यायची, गाल लालबुंद. आई म्हणायची, "बघ, अंगाला लागतंय." मलाही तसंच वाटलं. दादा तर काचा पुसायला रोज वर जायचा आणि गुणगुणत खाली यायचा.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. ड आलं आठ.

मी गाडी घेऊन गेले होते म्हणून आत मीही होते. बाईंनी कागद दोनदा वाचला. "पुड्या?"

"नाही घेतल्या," वहिनी म्हणाली. "पण ऊन रोज घेतलं. चाळीस मिनिटं."

"कुठे बसता?"

"दादाने गच्चीवर काचेची खोली केलीय," मी मध्येच म्हणाले, अभिमानाने.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण ज्या किरणांनी कातडीत ड तयार होतं ते साधी काचसुद्धा बहुतेक अडवते."

"साधी नाही," दादा म्हणाला. "ग्रंथालयाला बसवली तीच आहे."

बावीस वर्षं तो माणूस गिऱ्हाइकांना हेच सांगत आला होता: माझी काच लावा, काही उडणार नाही, किरण आत येणार नाहीत. त्या काचेखाली चौदा वर्षं काम करणारी बाई त्याच काचेखाली तीन महिने किरणांची वाट बघत बसली. दोघांनाही सुचलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा दोघांच्याही काखेत.

परतताना मला दोघांवरही ओरडायचं होतं, ओरडणं हा माझा धंदाच आहे. पण मागच्या सीटवर वहिनीलाच हसू फुटलं. "तू मला कागदासारखं जपलंस रे," ती दादाला म्हणाली. हसता हसता ती रडायला लागली. मी सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवली नाही, मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव घेतला.

दादाने त्याच दिवशी काचा उतरवायला घेतल्या. वहिनी म्हणाली, छताच्या काढल्यास तरी पुरे. त्याने अठ्ठावीसही काढल्या. वहिनीने कपाटातल्या पुड्या काढल्या, नाक दाबून घेतल्या. दुपारी उघड्या गच्चीवर, शेजाऱ्यांच्या देखत, थोडा वेळ बसायला लागली. टाकीवरून बघायला कुणी आलंसुद्धा नाही. तीन महिन्यांनी ड आलं चौतीस.

गर्भ आत ठेवला. बारा दिवसांनी बाईंचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत होतो. राहिलं होतं. आईने देवाचे आभार मानले, मी दादाच्या पाठीत बुक्का घातला, दादाने चौतीस या आकड्याचे आभार मानले. वहिनी तेवढी फोन धरून उभी होती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "म्हणजे मी आधीच उन्हात बसले असते तर ते दोघं राहिले असते का?"

फोन मोठ्या आवाजावर होता.

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कुणालाच माहीत नाही. चौतीस असूनही जातात आणि नऊ असूनही राहतात. कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याचं ऐकू नका."

वहिनीने "बरं" म्हणून फोन ठेवला. आई उठून तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "मी तेव्हा तळघरावरून बोलले ते चुकलं माझं." आईला चूक कबूल करताना मी पहिल्यांदाच बघितलं. वहिनी आईच्या खांद्यावर डोकं टेकवून बराच वेळ उभी राहिली.

आठवा आठवडा गेला. नववा गेला. दहाव्यात आम्ही प्रसूतिगृहात नाव घालायला गेलो. काउंटरवर एक हसरी नर्स होती. वय, पत्ता, रक्तगट लिहून झाल्यावर तिने मान वर न करताच विचारलं, "पहिलंच ना?"

"हो," दादा म्हणाला.

"नाही," वहिनी म्हणाली. "तिसरं. आधीचे दोन राहिले नाहीत. तेही लिहा."

नर्सने लिहिलं. दादाने वहिनीच्या हातातली पिशवी घेतली आणि रांगेतल्या मागच्या बाईला जागा करून देत आम्ही बाजूला झालो.