नववीच्या विज्ञानासाठी आठ सह्या

आठवीची वार्षिक परीक्षा संपली त्या दिवशी वर्गबाईंनी आम्हा सगळ्या मुलींना एकेक कागद दिला. नववीला कोणते विषय घेणार, ते त्यावर खूण करून सांगायचं आणि वडिलांची सही आणायची. कागदावर दोन रकाने होते. पहिल्यात गृहशास्त्र आणि साधं अंकगणित. दुसऱ्यात पदार्थविज्ञान-रसायन आणि बीजगणित-भूमिती. बाईंनी फळ्यावर तेच दोन रकाने काढले आणि पहिल्यापुढं बरोबरची खूण केली.

"इथं खूण करायची. दुसरा रकाना मुलांच्या शाळांसाठी आहे. कागद सगळीकडं सारखाच छापतात."

मुलींनी तिथल्या तिथं खुणा केल्या. मी कागद तसाच घडी करून दप्तरात ठेवला.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. औरंगाबादेत कचेऱ्यांवरच्या उर्दू पाट्या जाऊन मराठी आल्या होत्या आणि मुलींच्या शाळेत पोरी पाठवायला लोक आता फार कां-कूं करत नव्हते. तरी आमच्या शाळेत विज्ञानाला खोली नव्हती, सामान नव्हतं आणि शिकवणारंही कुणी नव्हतं. विज्ञान म्हणजे नेमकं काय, हे मलाही धड ठाऊक नव्हतं. गृहशास्त्र मात्र चांगलं ठाऊक होतं. मायला दम्याचा त्रास होता. चुलीचा धूर तिला सोसायचा नाही, म्हणून अकराव्या वर्षापासून सहा माणसांच्या भाकरी मीच थापत होते. आठवीत आठवड्याला गृहशास्त्राचा एक तास असायचा. त्यात भाकरीची कृती लिहायला आली, तेव्हा मी लिहिलं, 'पाणी हाताला कळेल तेवढं घ्यावं.' बाईंनी दोन गुण कापले. वाटीचं माप द्यायला पाहिजे होतं म्हणे. पहाटे अठरा भाकरी थापून शाळेत यायचं आणि इथं परत भाकरीच शिकायची, तीही अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत तीन वर्षं, हे काही माझ्या मनाला पटेना.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंच्या खोलीपुढं जाऊन उभी राहिले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांचा आवाज कधी चढत नसे, पण त्यांच्यासमोर बोलायला सगळ्या घाबरायच्या.

"मला दुसऱ्या रकान्यातलं पाहिजे," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "कशाला?"

घरून मी बरंच ठरवून आले होते. ऐन वेळी एवढंच निघालं, "पहिल्यातलं मला येतं."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एका मुलीसाठी वर्ग निघत नाही. आठ मुली आण. सात कोरे कागद देते; तुझा धरून आठ कागद, आठ सह्या, शाळा उघडायच्या आत. मग मी वर लिहीन आणि शिक्षकाचंही बघीन. सात झाल्या तर माझ्याकडं येऊ नकोस."

संध्याकाळी अण्णा कचेरीतून आले. आमचं मूळ गाव गंगापूरकडं, शेती चुलत्यांकडं, आणि माझे वडील, म्हणजे अण्णा, जमाबंदीच्या कचेरीत कारकून. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूत झालेलं. राज्य गेलं, कचेरीची भाषा बदलली आणि तिशी उलटलेल्या या माणसाला मराठी खर्डेघाशी पहिल्यापासून गिरवावी लागली होती. मी कागद त्यांच्यापुढं ठेवला. मोठ्या बाईंची अटही सांगितली.

"लग्नाच्या वक्ताला कोन इचारतंय रसायन आलं का म्हून?" माय आतून म्हणाली.

अण्णांनी कागद दोनदा वाचला. "आधी बाकीच्या सात आण," ते म्हणाले. "आठवी सही माझी."

मला वाटलं, काम झालं. पण त्या बोलण्यातली मेख दोनच दिवसांत कळली.

पहिल्यांदा गेले शहागंजात. वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचं तिथं भांड्यांचं दुकान होतं. पोरगी विज्ञानाला तयार होती. ते गल्ल्यावर बसून माझं सगळं ऐकून घेत राहिले आणि मग म्हणाले, "तुझ्या बापाची सही दाखव."

"ते शेवटी करणारेत."

"मग आमी बी शेवटीच करू की."

दुसरीचे वडील एसटीत ड्रायव्हर होते. त्यांनीही तेच विचारलं. तिसऱ्या घरी तर दारातूनच, "वडलांना घेऊन ये," असं सांगून वाटेला लावलं. दोन दिवसांत सात घरं झाली आणि हातात एकही सही नव्हती. उन्हानं डोकं तापलेलं, पायातल्या चपलेचा अंगठा तुटलेला. घरी येऊन मी अण्णांच्या समोर बसले.

"लोक तुमची सही मागतात. तुमचाच भरवसा नाय तर त्यांनी कसा ठेवायचा?"

असं मी अण्णांशी कधी बोलले नव्हते. मायनं आतून माझ्या नावानं हाक मारली, गप्प बस म्हणून.

"मला वाटलं व्हतं, दोन दिवस हिंडशील अन् दमशील," अण्णा म्हणाले. "मधीच सगळं बदललं, नव्यानं गिरवावं लागलं, तर काय हाल होतात ते मी बघितलंय. तुला झेपंल का?"

"झेपंल."

"नाय झेपलं तर?"

"तर नापास होईन. पण बसंन तरी."

त्यांनी कोटाच्या खिशातलं पेन काढलं आणि माझ्या कागदावर सही केली. हिशेबाला, पत्राला ते अजून उर्दूतच सही करायचे. ही मात्र त्यांनी मराठीत केली, एकेक अक्षर सावकाश, शाळेतल्या पोरासारखी. सही वाळेपर्यंत कागद हातात धरून बसले.

ती सही घेऊन मी परत सगळीकडं फिरले. ड्रायव्हरकाका लगेच वळले. "इंजन बिघडलं की आमी नुस्ते बघत बसतो," ते म्हणाले. "हिला तरी कळंल आत काय चालतंय ते." भांड्यांच्या दुकानातल्या शेठजींना आधी ड्रायव्हरची सही दाखवावी लागली, मग त्यांनीही केली. एकाची बघून दुसरा, असं करत मे महिना निम्मा होईपर्यंत सहा सह्या झाल्या. सातवी एका शिक्षकाच्या घरातून आली. तिथं तर मला बसवून सरबत दिलं.

आठवी मी मनात आधीच धरून ठेवली होती. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, वकिलांची मुलगी, वर्गात कायम पहिली. तिच्या घरी कुणाची आडकाठी नव्हती, म्हणून तिच्याकडं शेवटी गेले. तिनं कागद बघितला आणि परत माझ्या हातात दिला.

"मला नाही घ्यायचं."

"का? वडील नाही म्हणतात?"

"वडील कशाला नाही म्हणतील? मलाच नाही आवडत. मला शिवण आवडतं, स्वयंपाक आवडतो. तुला तुझ्या मनासारखं करायचंय ना? मग मला माझ्या मनासारखं करू दे."

मी बरंच भांडले. तू हुशार आहेस, तुझं नुकसान होईल, माझ्यासाठी तरी ये, असं काय काय बोलले. तिनं एकच उत्तर तीन वेळा दिलं. परत येताना मला तिचा फार राग आला होता. तिचं बरोबर होतं, हे कळायला मला वर्षभर लागलं.

शाळा उघडायला तीन आठवडे राहिले आणि मुली सातच. औरंगपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. ती चालवणारी बाई एकटीच होती, नवरा वारलेला. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिची मुलगी आमच्याच वर्गात, पण अंकगणितात नापास होऊन बसलेली. दळण घेऊन गेले तेव्हा मला ते सुचलं.

"मावशी, हिला विज्ञानाला घालता का?"

गिरणीच्या आवाजात तिला आधी ऐकू आलं नाही. पट्टा थांबवून ती म्हणाली, "अगं बाई, ती नापास हाय. आठवीतच अडकली."

"जूनमधी फेरपरीक्षा हाय. मी शिकवते."

मावशीनं लेकीकडं बघितलं. "काय गं?"

पोरगी पोत्यावर बसली होती. ती म्हणाली, "हिच्यानं होत असंल तर बघू."

मावशीला लिहिता येत नव्हतं. तिनं पदराला हात पुसून शाईत अंगठा बुडवला, तरी बोटाला पीठ होतंच. कागदावर निळा ठसा उमटला आणि त्याच्याभोवती पांढरी भुकटी सांडली.

मग दोन आठवडे रोज दुपारी मी गिरणीत जायचे. ज्वारीच्या पोत्यांवर बसून आम्ही गणितं करायचो. दळण चालू असलं की मोठ्यानं ओरडून, बंद असलं की हळू. तिला पाढे यायचे, अपूर्णांक मात्र काही केल्या कळायचे नाहीत. एकदा कुणाचं तरी अडीच पायली दळण आलं आणि त्यातलं निम्मं आधी द्यायचं होतं. तिनं तोंडानं झटकन सांगितलं, सव्वा. मी म्हटलं, हेच तर अपूर्णांक. ती म्हणाली, "असं व्हय. मग पुस्तकात येवढं अवघड करून का लिव्हत्यात?" त्या दिवसापासून सगळी गणितं आम्ही पायलीत केली. फेरपरीक्षेत ती काठावर पास झाली. निकाल लागला त्या सकाळी मी धावत जाऊन आठ कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवले.

त्यांनी एकेक सही वाचली. अंगठ्यापाशी थांबल्या. "ही आत्ता पास झाली ती?"

"हो."

"कुणी शिकवलं?"

त्यांनी कागद एकत्र करून टाचणी लावली. "सोमवारपासून मागची खोली झाडून घ्या," एवढंच म्हणाल्या.

सातवी-आठवीचं मोडकं फर्निचर ठेवायची ती खोली. आम्हीच ती झाडली, धुतली. सहा परीक्षानळ्या, एक स्पिरिटचा दिवा आणि एक तराजू एवढं सामान मुलांच्या शाळेतून मागून आणलं. शिकवायला तिथलेच एक वयस्कर मास्टरसाहेब शेवटच्या दोन तासांना यायला लागले. त्यांचंही शिक्षण उर्दूत झालेलं, बोलणं दखनी आणि मराठीची खिचडी. पुरुषमाणूस शिकवणार म्हणून दोन घरांतून कुरकुर आली. तेव्हा मोठ्या बाईंनी शिवणाच्या बाईंना रोज वर्गात मागं बसवलं. त्या विणकाम घेऊन बसायच्या.

पहिल्याच दिवशी मास्टरसाहेबांनी चुन्याची निवळी एका नळीत घेतली आणि मला पुढं बोलावलं. "हौ बेटा, इसमें फुंको." मी काचेच्या बारीक नळीतून फुंकत राहिले. स्वच्छ पाणी हळूहळू गढूळ झालं, मग दुधासारखं पांढरं.

"किसने किया?" त्यांनी विचारलं.

"मी."

"तुम्हारी सांसने. अब मराठीत लिखो, काय झालं."

मी लिहायला बसले तर मागून शिवणाच्या बाईंनी विचारलं, "मास्टरसाहेब, एकदा मी करून बघू का?" त्यांचं विणकाम त्या दिवशी तसंच राहिलं.

सोपं काहीच नव्हतं. सहामाहीत मी रसायनात सपशेल नापास झाले. सूत्रं डोक्यात बसायची नाहीत, आणि पहाटेच्या भाकरी सुटल्या नव्हत्या. कुणी काही म्हटलं नाही, पण ज्यांच्या घरी जाऊन मी सह्या आणल्या होत्या त्या मुली पास आणि मी नापास, हे मला फार लागलं. मग मी चुलीपाशी भिंतीवर कोळशानं सूत्रं लिहून ठेवायला लागले. एक भाकरी तव्यावर, एक सूत्र तोंडात. मायनं चार दिवस भिंत पुसली. पाचव्या दिवसापासून तिनं तिकडं बघणं सोडून दिलं. भूमितीला अण्णांनी हात दिला. त्यांना त्रिकोण 'मुसल्लस' म्हणून यायचा आणि कोन 'जाविया' म्हणून. ते उर्दूत सांगायचे, मी मराठीत लिहायचे, आणि प्रमेय सुटलं की माझ्याइतकेच तेही खूश व्हायचे.

दिवाळीनंतर शहागंजच्या मुलीचं लग्न झालं. ती आम्हाला तिच्या वह्या देऊन गेली. मॅट्रिकला आम्ही सातजणी बसलो, पाच पास झालो. गिरणीवाल्या मावशीची लेक पहिल्या खेपेला राहिली, दुसऱ्या खेपेला पास झाली आणि पुढं नर्सिंगला गेली. वकिलांची मुलगी गृहशास्त्रात पहिली आली. तिच्या लग्नात मी घातलेलं पोलकं तिनंच शिवलेलं होतं.

मी इंटर सायन्स केलं, मग बीएस्सी. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या छोट्या प्रयोगशाळेत जागा निघाली तेव्हा अर्ज केला. हजर व्हायला गेले तर तिथले साहेब माझी कागदपत्रं उलटीपालटी करत म्हणाले, "आजवर इथं बाईमाणूस कुणी नव्हतं. नमुने आणायला टाकीवर चढावं लागतं."

"किती पायऱ्या आहेत?" मी विचारलं.

"मोजल्या नाहीत कधी."

मी पदर खोचला, टेबलावरच्या दोन रिकाम्या बाटल्या उचलल्या आणि टाकी कुठल्या बाजूला आहे ते त्यांना विचारलं.