काकांनी रिकामा ठेवलेला रकाना

काकूंचा फोन सकाळी आला, तेव्हा मी साउथहॅम्प्टनच्या बंदरावर क्रूझच्या डेस्कवर ड्यूटीला होते. "गेले गं ते," एवढंच म्हणाल्या. त्याला आता सहा आठवडे झाले. देवधरकाका इथल्या मराठी मंडळींना दातांचे डॉक्टर म्हणून माहीत. निम्म्या लोकांच्या अक्कलदाढा त्यांनीच काढल्या. पण निवृत्तीनंतरच्या एका हिवाळ्यात जे घडलं ते फारसं कुणाला ठाऊक नाही. मी त्यात होते, म्हणून लिहिते आहे.

पुण्यात मी कॉलेजात फ्रेंच शिकवायची. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आल्यावर ते सगळं मागे पडलं. तेव्हा टीव्हीवर सारख्या इराकच्या युद्धाच्या बातम्या असत. अशाच एका दुपारी काका आले आणि कोट न काढताच म्हणाले, "तुझं फ्रेंच गंजलं नाही ना?" झालं होतं असं, की शहराच्या पूर्वेला, ओहोटीला उघडा पडणाऱ्या चिखलात हाडं वर आली होती. दोनशे वर्षांपूर्वी तिथे डोलकाठ्या उतरवलेल्या जुन्या जहाजांवर इंग्रज फ्रेंच बादशहाच्या पकडलेल्या शिपायांना कोंडत, आणि मेले की तिथेच पुरत. उत्खनन करणाऱ्यांनी काकांना एक जबडा पाहायला बोलावलं होतं. त्याला पुढचे दात नव्हते. "किडून पडलेले नाहीत. पकडीने उपटलेत, आणि बाकीचे बघ, एकूण एक निरोगी," काका म्हणाले. "हाड भरून आलंय. म्हणजे त्यानंतर वर्ष-दोन वर्षं जगला." बंदुकीचं काडतूस तेव्हा दातांनी फाडावं लागे. पुढचे दात नसले की शिपाई म्हणून उपयोग नाही. कुणीतरी या मुलाला वाचवायला त्याचे दात काढले होते.

काकांच्या हातात काही झेरॉक्स होत्या. कैद्यांची कधीच न पाठवली गेलेली पत्रं दप्तरखान्यात पडून होती, त्यातली. त्यातलं एक मी त्यांना आमच्या किचनमध्ये वाचून दाखवलं. आज जिथे बेल्जियम आहे तिथल्या एका खेड्यातल्या मुलाचं, आईला लिहिलेलं. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्या कैद्याने फ्रेंचमध्ये लिहून दिलेलं. खाली फक्त फुली. फ्रेंच आले, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी चर्चमधली जन्मांची वही नेली, असं त्यात होतं. मग नवी कचेरी, नवी वही, नवी भाषा. घरांना नंबर लागले. आईला त्या नंबराचं कौतुक वाटलं होतं, दार रोज पुसायची. कायदा आता सगळ्यांना सारखा, जमीनदारालाही, म्हणून गाव खूश होतं. आणि मग एका सकाळी त्याच वहीतून वीस वर्षांच्या मुलांची नावं वाचली गेली, सैन्यात कोण जाणार हे ठरवायला पेटीतून चिठ्ठ्या काढायला लावल्या. मामाने पकडीने दात उपटले. अधिकाऱ्याने तोंडात पाहिलं, हसला, म्हणाला जहाजावर दात लागत नाहीत, आणि आरमारात पाठवलं. मुलाचं नाव यान. वहीत कारकुनाने ते फ्रेंच करून जाँ लिहिलेलं. हजेरीला तो 'हजर' म्हणेना, कारण ते आपलं नाव हे त्याला कळेचना. मार खाऊन खाऊन शिकला. शेवटी होतं... आई, आता तू यान म्हणून हाक मारलीस तर मी ओ देईन की नाही, सांगता येत नाही.

चार वाजले होते, बाहेर अंधारून आलं होतं. काकांनी जिभेने आपले पुढचे दात चाचपले. मीही तेच करत होते, हे मला नंतर कळलं.

पुढे ओहोटीच्या वेळा पाहून काका तिथे जायला लागले. एकदा मलाही घेऊन गेले. धुकं होतं, पाणी लांब गेलेलं. त्यांनी हात तोंडाशी धरले आणि गल्लीत खेळणाऱ्या पोराला बोलवावं तशी हाक दिली, "यान... ए यान..." तीनदा. मग चिखलात कुठेतरी काहीतरी हळूच फुटल्यासारखा आवाज झाला.

"ओहोटीचा आवाज आहे," काका म्हणाले.

मी काही विचारलंच नव्हतं.

हाडं पुरायची वेळ आली तेव्हा फॉर्म आला. 'अज्ञात पुरुष. राष्ट्रीयत्व: फ्रेंच.' तज्ज्ञ म्हणून काकांची सही हवी होती. "ही मी करणार नाही," काका म्हणाले. उत्खननवाली हेलन, चांगली मुलगी, समजावत राहिली. "डॉक्टर, ते पत्र याचंच याला पुरावा नाही."

"नाही. पण हा फ्रेंच होता यालाही नाही. त्यांनी ज्याला न विचारता फ्रेंच केलं, त्याला तू मेल्यावर परत तेच करतेस."

तीन आठवडे फॉर्म पडून राहिला. नाव मिळवता आलं नाही. पण राष्ट्रीयत्वाचा तो एक रकाना रिकामा सोडून फॉर्म परत आला, आणि काकांनी सही केली. पुरताना आम्ही चौघेच होतो.

या वर्षी ते आजारी पडले ते उठले नाहीत. शेवटच्या दुपारी मी वॉर्डमध्ये होते. नर्स "डेव्ह, डेव्ह" म्हणून हलवत होती. चाळीस वर्षं सर्जरीत, म्हणजे त्यांच्या दवाखान्यात, सगळे तेच म्हणत आले, कारण देवधर कुणाच्या तोंडी बसेना. काकांच्या पापण्या हलल्या नाहीत. काकू "अहो" म्हणाल्या. मी "काका" म्हटलं. त्यांच्या मुलाने "डॅड" म्हटलं. काहीच नाही. नर्सने विचारलं, "त्यांना कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते?" त्या खोलीत त्यांना नावाने हाक मारणारं कुणीच नव्हतं. मग काकूंनी, ज्यांनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, कानाशी वाकून त्यांच्या सासूबाई मारायच्या तशी हाक मारली, "बाळू."

"आलो गं," काका म्हणाले. स्पष्ट. लहान मुलाच्या आवाजात. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

मी आता रविवारी काकूंकडे जाते. चहा झाला की त्या जिन्याखाली उभ्या राहतात, वरच्या खोलीकडे पाहून त्याच नावाने हाक मारतात. फार मोठ्याने नाही. मग काकांच्या कपावर बशी झाकून थोडा वेळ थांबतात. मीही थांबते.